लिनक्सला मोडेम दिसतो, पण बोलत नाही : वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रं हुक्केरी, खानापूर, चिकोडी, निपाणी आणि बीदरकडची आहेत. बहुतेकांनी ‘ड्रायव्हर कुठून डाउनलोड करायचा?’ असं विचारलंय. यूएसबी सिरियल मोडेमचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यामध्ये) आधीपासूनच असतात, त्यामुळे डाउनलोड करण्यासारखं फारसं काही नाही. अडलंय कुठे ते शोधायचं. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करा, आणि ‘एटी’ने सुरू होणाऱ्या मोडेमच्या आज्ञा मोठ्या अक्षरांत. ‘टीटीवाययूएसबी’ या पोर्टच्या नावातलं ‘यूएसबी’ आणि ‘आयडी_’ने सुरू होणारी नावंही मोठ्या अक्षरांत.

प्रश्न : माझ्याकडे ह्युआवेचा जुना डोंगल आहे. लिनक्स मिंटच्या लॅपटॉपला लावला की सीडी ड्राइव्हचं चित्र येतं, आत विंडोजचं सॉफ्टवेअर. टीटीवाययूएसबी० हा मोडेमचा पोर्ट काही येत नाही. एका मित्राने ‘मोडप्रोब यूएसबीसिरियल’ला व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक देऊन डोंगल परत लावायला सांगितलं. तसं केल्यावर पोर्ट आला, पण ‘एटी’ला उत्तर नाही. सोसायटीच्या सभासदांना एसएमएस पाठवायचे आहेत. (हुक्केरी तालुका)

उत्तर : डोंगल अजून मोडेम झालेलाच नाही. हे डोंगल लावल्याबरोबर स्वतःची ओळख सीडी ड्राइव्ह म्हणून करून देतात, कारण विंडोजवाल्यांना त्यातूनच सॉफ्टवेअर टाकता यावं अशी सोय केलेली असते. संगणकाने ठरावीक संदेश पाठवला की डोंगल स्वतःला यूएसबीवरून तोडतो आणि दुसरा प्रॉडक्ट क्रमांक घेऊन मोडेम म्हणून परत येतो.

‘एलएसयूएसबी’ चालवा. १२डी१ हा ह्युआवेचा व्हेंडर क्रमांक. त्यापुढे १४४६ दिसलं तर ते सीडीचं रूप आहे. तुमच्या मित्राने सांगितलेल्या युक्तीने सर्वसाधारण सिरियल ड्रायव्हर या सीडीलाच जाऊन चिकटला. त्यामुळे पोर्टची फाइल तयार झाली, पण पलीकडे ‘एटी’ समजणारं कोणी नाही. तो सर्वसाधारण ड्रायव्हर फक्त चाचणीपुरता आहे, अशी ताकीद कर्नल स्वतः ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा, स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) देतो. ती ओळ सहसा कोणी वाचत नाही.

आधी ‘सुडो मोडप्रोब -आर यूएसबीसिरियल’ करून तो ड्रायव्हर उतरवा. ‘/इटीसी/मॉड्यूल्स’मध्ये त्याची ओळ घातली असेल तर तीही काढा. मग ‘यूएसबी-मोडस्विच’ आणि ‘यूएसबी-मोडस्विच-डेटा’ ही दोन पॅकेजेस टाका. दुसरं विसरू नका, कुठल्या डोंगलला कुठला संदेश पाठवायचा ती यादी त्यातच आहे. एका खिडकीत ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवून डोंगल लावा. काही सेकंदांत तो तुटल्याची ओळ दिसेल, मग नवा क्रमांक येईल. १४४६चा बहुधा १००१ किंवा १४३६ होतो. त्यानंतर ‘ऑप्शन’ नावाच्या ड्रायव्हरची ‘जीएसएम मोडेम कन्व्हर्टर’ अशी ओळ येते आणि टीटीवाययूएसबी०, १, २ असे पोर्ट जोडले जातात. आपोआप बदल झाला नाही तर हाताने : ‘सुडो यूएसबी_मोडस्विच -व्ही १२डी१ -पी १४४६ -जे’. यातला शेवटचा ‘जे’ मोठ्या लिपीतला.

पोर्ट आल्यावरही उत्तर येत नाही, याचं एक साधं कारण सांगतो. बरेच जण ‘एको एटी’ लिहून ते पोर्टकडे वळवतात. ‘एको’ ओळीच्या शेवटी लाइन फीड पाठवतो, आणि मोडेम वाट बघतो कॅरेज रिटर्नची. मोडेम गप्प बसतो आणि दोष ड्रायव्हरवर येतो. ‘पिकोकॉम -बी ११५२०० /डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ असं उघडून ‘एटी’ टाइप करा आणि एंटर दाबा, ‘ओके’ यायला हवं. नाही आलं तर पुढच्या दोन पोर्टवर बघा. एखादा पोर्ट निव्वळ निदानासाठी असतो, तो कधीच ‘ओके’ म्हणत नाही. ११५२००च्या आकड्याची फार काळजी नको. असल्या मोडेममध्ये खरी सिरियल तार नसतेच, त्यामुळे वेग कुठलाही दिला तरी सहसा फरक पडत नाही.

‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असं आलं तर पोर्ट दुसऱ्या कोणाच्या तरी हातात आहे. ‘सुडो फ्यूजर -व्ही /डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ने नाव कळतं, आणि मिंटवर ते बहुतेक वेळा मोडेममॅनेजर, म्हणजे मोडेम आपोआप हाताळणारी सेवा, असतं. एसएमएससाठी गॅमूसारखं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर मोडेममॅनेजरला या डोंगलपासून लांब ठेवा. यूडेव्हच्या (लावलेली उपकरणं ओळखणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेच्या) नियमात या व्हेंडर क्रमांकासाठी ‘आयडी_एमएम_डिव्हाइस_इग्नोर’ची किंमत १ करा.

आणखी एक, सिम घेण्याआधी बघा. हा डोंगल ३जीचा आहे. जिओचं जाळं ४जीपासून सुरू होतं, म्हणून जिओचं सिम यात नोंदणीच करणार नाही. एअरटेलने ३जी बंद केलंय, पण २जी आहे, आणि एसएमएसला २जी पुरतं. इंटरनेटसाठी मात्र या डोंगलवर वेळ घालवू नका.

प्रश्न : जांबोटी भागात ओढ्याच्या पाण्याची पातळी मोजायला रास्पबेरी पाय ४ आणि क्वेक्टेल ईसी२५चं यूएसबी बोर्ड बसवलंय. दिवसातून चार-पाच वेळा मोडेम तुटतो. ‘डीमेसेज’मध्ये एरर -७१, कधी -११० दिसतं. परत येतो तेव्हा टीटीवाययूएसबी२चा टीटीवाययूएसबी६ झालेला असतो आणि आमची पायथन स्क्रिप्ट बंद पडते. पावसात जास्त होतं. ड्रायव्हर नीट बसावा म्हणून न्यू_आयडीमध्ये मोडेमचा क्रमांक घातला, तर डब्ल्यूडब्ल्यूएएन० ही मोडेमची नेटवर्क जोडणी सुद्धा गायब झाली. (खानापूर तालुका)

उत्तर : इथे तीन बिघाड एकावर एक चढलेत. एकेक सोडवू या, आणि सुरुवात विजेपासून करू.

-७१ म्हणजे यूएसबीच्या तारेवर आलेलं बोलणं अर्धवट किंवा विस्कटलेलं होतं. -११० म्हणजे उत्तर वेळेत आलंच नाही. दोन्ही चुका ड्रायव्हरच्या खालच्या थरातल्या आहेत. केबल, जोडणी किंवा व्होल्टेज, यांपैकी काहीतरी बिघडलंय. तुमच्याकडे सिग्नल किती येतो तो आकडा पत्रात नाही. ‘एटी+सीएसक्यू’ने तो बघा. उत्तरातला पहिला आकडा दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डीबीएममध्ये ताकद मिळते. ७ आलं तर -९९ डीबीएम, म्हणजे कमजोर. ९९ आलं तर मोडेमला काहीच कळत नाहीये. सिग्नल कमजोर असला की मोडेम जास्त जोर लावून पाठवतो. ४जी सुटून २जीवर उतरला तर अजून वाईट, कारण २जीमध्ये पाठवणं झटक्याझटक्यानं होतं. ४.६ मिलिसेकंदांत एकदा, साधारण ०.५८ मिलिसेकंदाचा झटका, आणि त्या झटक्यात २ अँपिअरपर्यंत मागणी जाऊ शकते. पाय ४च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर आहेत. सह्याद्रीच्या पावसात सिग्नल पडतो, मोडेम जोर लावतो, व्होल्टेज बसतं, मोडेम तुटतो. ‘पावसात जास्त होतं’ याचं कारण बहुधा एवढंच.

केबल किती खाते ते गणिताने बघा. स्वस्त केबलमध्ये विजेची तार २८ गेजची असते, तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. दीड मीटरच्या केबलमध्ये जाणारी आणि येणारी मिळून ३ मीटर तार, म्हणजे ०.६३ ओहम. १ अँपिअर वाहिला की ०.६३ व्होल्ट केबलमध्येच जातात आणि ५ व्होल्टचे ४.३७ उरतात. तेवढ्याच लांबीची २४ गेजची केबल घेतली तर घट फक्त पाव व्होल्ट. अर्ध्या मीटरची घेतली तर विचारायलाच नको.

असं करा. मोडेम स्वतःच्या चार्जरवर चालणाऱ्या हबवर घ्या. हबचा चार्जर ५ व्होल्ट ३ अँपिअरचा असू दे. हब आणि मोडेममधली केबल अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. तो हब पायच्या पोर्टमध्ये उलटी वीज सोडत नाही ना, ते आधी तपासा : पायचा चार्जर काढून फक्त हब लावा, पायचा लाल दिवा पेटला तर तो हब वापरू नका. पायच्या स्वतःच्या विजेसाठी ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ चालवा. ०x० यायला हवं. ०x५०००० आलं तर सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलेलं आहे. अँटेना मोडेमच्या बोर्डावरच लोंबकळत असेल तर तीही पत्र्याच्या पेटीबाहेर काढा. सिग्नल सुधारला की विजेची मागणी आपोआप उतरते.

मोडेम बंद पडून पुन्हा सुरू होतोय की फक्त यूएसबीची जोडणी हलतेय, हे ‘डीमेसेज’च्या डावीकडच्या सेकंदांवरून कळतं. तुटल्यापासून एखाद्या सेकंदात परत आला तर केबल किंवा प्लग ढिला आहे. दहा-पंधरा सेकंद लागले तर मोडेम पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू झाला, म्हणजे वीज.

आता २चा ६ का होतो. मोडेम गेला तरी तुमच्या स्क्रिप्टने जुना पोर्ट उघडाच धरलेला असतो. तो सुटेपर्यंत कर्नल तो क्रमांक दुसऱ्याला देत नाही, म्हणून परत आलेल्या मोडेमला पुढचे आकडे मिळतात. स्क्रिप्टमध्ये वाचताना चूक आली की आधी पोर्ट बंद करा, पाच सेकंद थांबा, मग उघडा. आणि उघडताना आकडा वापरूच नका. यूडेव्हचा एक नियम लिहा : सबसिस्टीम टीटीवाय, व्हेंडर २सी७सी, प्रॉडक्ट ०१२५, ‘आयडी_यूएसबी_इंटरफेस_नम’ ०२, आणि सिमलिंकचं (पोर्टच्या कायमच्या टोपणनावाचं) नाव ‘मोडेम-एटी’. ईसी२५मध्ये इंटरफेस ० निदानाचा, १ जीपीएसचा, २ ‘एटी’ आज्ञांचा, ३ डायल-अपचा आणि ४ नेटवर्कचा. नियमाच्या फाइलचं नाव ९९ने सुरू करा. इंटरफेसचा आकडा ६० क्रमांकाच्या फाइलमध्ये भरला जातो. तुमची फाइल १०ने सुरू होत असेल तर ती वाचली जाईल तेव्हा तो आकडा रिकामाच असेल आणि नियम कधीच लागू होणार नाही. या एका गोष्टीत लोकांच्या अख्ख्या संध्याकाळी जातात.

तिसरी गोष्ट, न्यू_आयडी. ‘/सिस/बस/यूएसबी-सिरियल/ड्रायव्हर्स/ऑप्शन१/न्यू_आयडी’ ही सोय कर्नलच्या यादीत नसलेल्या नव्या मोडेमसाठी आहे. ईसी२५ यादीत आहेच. कर्नलला माहीत आहे की त्याचा ४ नंबरचा इंटरफेस क्यूएमआय_डब्ल्यूडब्ल्यूएएन या ड्रायव्हरसाठी राखून ठेवायचा. तुम्ही नुसता व्हेंडर आणि प्रॉडक्ट दिलात, त्यात तो राखीवपणा नाही. ‘ऑप्शन’ने दिसेल तो इंटरफेस धरला, चौथाही. त्याच्याबरोबर डब्ल्यूडब्ल्यूएएन० गेली. सुरू होताना चालणाऱ्या फाइलमधून ती ओळ काढा आणि पाय रीबूट करा. नंतर ‘एलएसयूएसबी -टी’ चालवा : इंटरफेस ० ते ३ पुढे ‘ऑप्शन’ आणि ४ पुढे ‘क्यूएमआय_डब्ल्यूडब्ल्यूएएन’ दिसलं की जागेवर आलं.

प्रश्न : दूध सोसायटीत काटा आणि फॅट मशीन दोन्ही यूएसबी केबलने एकाच संगणकाला आहेत. उबुंटू २२.०४ टाकल्यापासून केबल लावली की पोर्ट येतो आणि लगेच जातो. कधी राहिलाच, तर काट्याचं वजन फॅटच्या रकान्यात पडतं. सकाळी रांग लागलेली असते, लोक खोळंबतात. (चिकोडी तालुका)

उत्तर : या केबल मोडेमच्या नाहीत, पण बिघाड त्याच घराण्यातला आहे. ‘एलएसयूएसबी’त १ए८६:७५२३ दिसत असेल तर चिप सीएच३४० आहे आणि तिचा ड्रायव्हर सीएच३४१. उबुंटू २२.०४मध्ये ‘बीआरएलटीटीवाय’ नावाची सेवा असते. अंध व्यक्ती वापरतात त्या ब्रेल पट्ट्यांसाठी ती आहे, आणि त्यातल्या एका पट्टीत हीच चिप, हाच क्रमांक. म्हणून ती सेवा तुमच्या काट्याला ब्रेल पट्टी समजून पोर्ट ओढून घेते. ‘डीमेसेज’मध्ये तिचं नाव स्पष्ट दिसेल. त्या संगणकावर ब्रेल पट्टी कोणी वापरत नसेल तर ‘सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय’ आणि केबल काढून परत लावा. कोणी वापरत असेल तर सेवा ठेवा, आणि तिच्या यूडेव्ह नियमांतली फक्त ७५२३ची ओळ बंद करा.

अदलाबदलीचं कारण वेगळं. या चिपना सहसा स्वतःचा अनुक्रमांक नसतो. ‘/डेव्ह/सिरियल/बाय-आयडी’मध्ये दोन्ही केबलचं नाव एकच होतं आणि एकच दुवा दिसतो. इथे ‘बाय-पाथ’ वापरा. त्यात नाव केबलवरून न पडता संगणकाच्या भोकावरून पडतं. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पूर्ण मार्ग भरा, मग भोकांशेजारी रंगाने ‘काटा’ आणि ‘फॅट’ लिहून ठेवा, म्हणजे झाडलोट करताना केबल निघाली तरी बसवणारा चुकणार नाही. काटा खऱ्या सिरियल तारेवर बोलतो, त्यामुळे त्याला वेग तंतोतंत लागतो. पुष्कळ काटे ९६००वर, ८ बिट, पॅरिटी नाही, असे असतात. वजनाच्या जागी वेडीवाकडी चिन्हं आली तर ७ बिट आणि ईव्हन पॅरिटी लावून बघा.

पोर्ट टिकूनही ‘परमिशन डिनाइड’ आलं तर ‘सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट’ आणि पुढे तुमचं लॉगिन नाव. (यातलं ‘जी’ मोठ्या लिपीतलं.) लॉगआउट करून परत आल्याशिवाय ते लागू होत नाही.

प्रश्न : कोगनोळीजवळ आमचं शेत आहे. मोटारीच्या पेटीत ४जी मोडेम. पोर्ट येतात, ‘एटी’ला ‘ओके’ येतं, तरी नेट मध्येच जातं आणि तासन्‌तास येत नाही. सिम बेळगावात घेतलेलं एअरटेलचं. ‘एटी+सीईआरईजी?’ला कधी ०,१ तर कधी ०,५ येतं. ड्रायव्हर बदलू का? (निपाणी तालुका)

उत्तर : ड्रायव्हरला हात लावू नका. ‘ओके’ येतंय तिथे त्याचं काम संपलं. दुसरा आकडा १ म्हणजे घरचं नेटवर्क, ५ म्हणजे रोमिंग. तुमचं शेत सीमेवर आहे आणि मोबाइल कंपन्यांची मंडळंही (टेलिकॉम सर्कल) तिथेच बदलतात. कागलकडचा टॉवर जास्त जोरात आला की मोडेम तिकडे उडी मारतो.

खात्री करून घ्या. आधी ‘एटी+सीओपीएस=३,२’, मग ‘एटी+सीओपीएस?’. एअरटेलचा कर्नाटकाचा क्रमांक ४०४४५ आणि महाराष्ट्राचा ४०४९०. बीएसएनएलचे अनुक्रमे ४०४७१ आणि ४०४६६. नेट गेलेलं असताना ४०४९० दिसलं तर प्रश्न उलगडला.

बहुधा नेटवर्कमॅनेजरमध्ये रोमिंग बंद ठेवलेलं आहे. ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’, पुढे जोडणीचं नाव, पुढे ‘जीएसएम.होम-ओन्ली नो’. एवढ्यावर काम व्हायला हवं. त्याच वेळी एपीएनही (कंपनीच्या इंटरनेट जोडणीचं नाव) बघा, एअरटेलला ‘एअरटेलजीपीआरएस.कॉम’. तरीही उड्या नको असतील तर ‘एटी+सीओपीएस=४,२,"४०४४५"’ द्या. सुरुवातीचा ४ मुद्दाम आहे : आधी घरचं नेटवर्क बघ, नाही मिळालं तर जे मिळेल ते घे. इंटरनेटवर सगळीकडे १ द्यायला सांगतात. तो दिला आणि बेळगावकडच्या टॉवरची वीज गेली, तर मोडेम शेजारचा टॉवर दिसत असूनही बसून राहील, आणि मोटार बंद करायला तुम्हालाच शेतात जावं लागेल.

प्रश्न : रात्री अपडेट केलं. सकाळी ‘मोडप्रोब ऑप्शन’ला ‘मॉड्यूल ऑप्शन नॉट फाउंड’ येतंय. कालपर्यंत चालत होतं. (भालकी, बीदर जिल्हा)

उत्तर : ‘यूनेम -आर’ आणि ‘एलएस /लिब/मॉड्यूल्स’ हे दोन्ही चालवून जुळवून बघा. चालू कर्नल जुना आहे आणि अपडेटने त्याच्या मॉड्यूलचा फोल्डर काढून नवा आणलाय, असं दिसलं तर रीबूट करा, तेवढंच पुरे. आकडे जुळत असूनही मॉड्यूल नसेल आणि उबुंटू व्हर्च्युअल मशीनमध्ये असेल, तर तिथल्या आटोपशीर कर्नलमध्ये मोडेमचे ड्रायव्हर नसतात. ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ आणि पुढे ‘यूनेम -आर’ने दिलेला आकडा, या नावाचं पॅकेज टाका. मग ‘मोडप्रोब ऑप्शन’ काही न बोलता परत आलं की मोडेम काढून लावा.